छातीभर पाणी

तळाशील म्हणजे वाळूची एक पट्टी,
इकडे दर्या, तिकडे खाडी,
मधे माड, घरं, उपड्या घातलेल्या होड्या.
एवढ्याशा गावात कुणी उंच झालं
की दोन्ही पाण्यांवरून दिसतं.

निळू माझ्याहून चार वर्षांनी धाकटा.
ओहोटीला खाडी ओलांडताना
मी त्याला खांद्यावर घ्यायचो,
त्याच्या टाचा माझ्या छातीवर,
दोघांची दप्तरं माझ्या डोक्यावर,
आणि वरून त्याचा हुकूम:
हळू चल, माझी चड्डी भिजते.

कधी झालं ते कळलंच नाही.
गणपतीत शिवलेली पँट
शिमग्याला घोट्याच्या वर गेली.
शिंपी म्हणाला, सोडायला दुमडच उरली नाही.
ती मला झाली.
थोरल्याचे कपडे धाकट्याला जातात,
आमच्या दांडीवर वारा उलटा फिरला.

आईने मला आंब्याच्या फांदीला लोंबकळायला लावलं,
एकोणीस वर्षांच्या घोड्याला.
तळहात सोलवटले. फांदी जरा खाली आली.

आचऱ्याच्या बाजारात एका म्हातारीने विचारलं,
"ह्येंच्यातलो थोरलो खयचो?"
मी तोंड उघडायच्या आत निळू म्हणाला,
"ह्यो. माझो दादा,"
आणि जरासा पोक काढून उभा राहिला.
त्या पोकाचा मला राग आला.
उंचीचा कधी इतका आला नव्हता.

मग एका रात्री
स्वयंपाकघराच्या दारात त्याचं कपाळ आपटलं.
आई आतून, न बघता, म्हणाली,
"वाकान येवा,"
आणि गप्प झाली.
त्या दारातून वाकून येणारं माणूस
नऊ वर्षं आमच्या घरात नव्हतं.
ती उगीच आमटी ढवळत राहिली.
निळू कपाळ चोळत म्हणाला,
माका कित्याक 'येवा' म्हणतंस?
कुणी उत्तर दिलं नाही. मी पाणी वाढलं.

रापणीचा नियम साधा:
ज्याच्या छातीला पाणी, तो आत.
परवा बाबल तांडेलाने निळूला हाक मारली.
मला म्हणाला, "तू हयच रव, दोरी गुंडाळ,"
पोरांच्या नि म्हाताऱ्यांच्या ओळीत.
मी गुंडाळली.
ओली दोरी जड असते,
तिच्यात वाळू असते, शेवाळ,
कधी जेलीफिशचा चटका.
सोपं काम आहे असं कुणी म्हणू नये.

तिकडे लाट आली नि निळू दिसेनासा झाला.
डुबकी मारायला मीच शिकवली त्याला,
इथेच, नाक धरून,
मोठ्याने आकडे म्हणत.
ओठ आपोआप हलले.
पाच. सहा. सात जरा लांबला.
नवाला डोकं वर आलं, केस डोळ्यांवर,
आणि सगळ्यात आधी
त्याने वाळूकडे बघितलं.

मी लगेच दोरीत मान घातली.