तात्पुरतं

एम झिरो थ्री, एस पाचशे.
स्टार्ट दाबतो.
पडद्यावर हिरवी अक्षरं शहाण्यासारखी बसून राहतात,
ना अलार्म, ना लाल दिवा,
आणि स्पिंडल
पंगतीतून उठून गेलेल्या व्याह्यासारखा गप्प.

मकरपुऱ्यात रात्रीचे साडेअकरा.
उद्या उत्तरायण. आजूबाजूच्या शेडना कुलुपं,
खिडकीच्या जाळीत दुपारपासून एक पतंग फडफडतोय.
किरीटभाई दर दहा मिनिटांनी येतात,
"चालशे?"
बघतो, म्हणतो मी.
चोवीस नग, म्हणतात, सकाळी सातला टेम्पो.
टेम्पोला संक्रांत नसते.

अलार्म देणारं मशीन बरं,
ते निदान भांडतं.
हे कुणाच्या तरी होकारासाठी अडून बसलंय
आणि कुणाच्या, ते सांगत नाही.

दार? लागलंय.
चक? पकडलाय, काटा अठरावर.
इमर्जन्सीचं बटण दोनदा फिरवून पाहिलं,
एकदा रामअवधनं, एकदा मी,
कारण एकमेकांवर विश्वास नाही.
ड्राइव्ह तयार आहे, हिरवा दिवा लावून उभा.
मीटर टेकवतो:
कंट्रोलकडून जे व्होल्ट यायला हवेत
ते शून्य पॉइंट शून्य शून्य.
म्हणजे मोटरची काही चूक नाही.
वरच कागद अडलाय.

पॅनल उघडलं की फणसेकाकांचा वास येतो.
तपकीर, आणि तापून तापून थकलेलं बेकेलाइट.
ड्रॉइंगच्या कडेला शिसपेन्सिलीचे आकडे,
सातला त्यांची ती शेपटी.
ह्याच पॅनलपुढे, सत्त्याण्णव साली,
एका लिमिट स्विचवर मी वायर मारली होती
आणि मशीन चालू करून छाती काढून उभा होतो.
त्यांनी टेस्टरची मूठ माझ्या बोटांवर हाणली.
"स्विच खोटं बोलतो म्हणून तूही बोलणार?"
मग बाहेर गाडीवर सेव-उसळ खाऊ घातली,
रस्सा दोनदा मागून.
बोटं सुजली होती, पाव धरता येईना.

एक्स चार पॉइंट तीन. शून्य.
ड्रॉइंगवर बोट सरकवत जातो:
स्पिंडलच्या तेलाचा फ्लो-स्विच.
तिथून टर्मिनल एक्केचाळीस.
अल्पेश, टॉर्च जरा खाली धर.
अजून खाली.

एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये
बोटभर पिवळी वायर.
एक टोक स्क्रूतून सुटून हवेत.
तेवीस वर्षांची थरथर, दुसरं काय.
वायरीला चिकटपट्टी, पट्टीवर कागद,
कागदावर शिसपेन्सिल:
*तात्पुरतं. फ. १७/१२/९९*

मला हसू आलं.
"क्या हुआ उस्ताद?" रामअवध म्हणाला.
काय सांगणार.

पंप हातानं चालू केला. हेडस्टॉकचं झाकण काढलं.
तेल येत होतं. बोटावर घेतलं, पातळ, स्वच्छ,
अंगठ्यानं चोळून पाहिलं.
तेल खरं होतं. स्विच मेलेला,
आणि तसा स्विच बनवणारी कंपनी स्विचच्याही आधी.
काकाही.

पावणेदोन.
मी वायरीचं टोक सोललं, नवा फेरूल दाबला,
बेचाळीसमध्ये घातलं
आणि स्क्रू असा आवळला
की मनगट दुखलं.

एम झिरो थ्री.
आधी खोल कुठेतरी घसा खाकरल्यासारखं,
मग तो गुंजारव, पाचशे, पाचशे, पाचशे.
किरीटभाईंनी चकला नमस्कार केला, मला नाही.
रामअवधला म्हटलं, दर तासाला काचेत तेल बघायचं,
ह्या मशीनला आता तूच स्विच.

कागदावर, "फ."च्या खाली,
मी तारीख घातली आणि माझं अक्षर.
अजून एकाची सही मावेल एवढी जागा उरली.

अल्पेश टॉर्च बंद करायचं विसरून बघत होता.
एकोणीस वर्षांचा, बोटं अजून सरळ.
हे तू शिकायचं नाहीस, मी म्हटलं.
तो हो म्हणाला.
स्विच म्हणतो तसं.