दोन मैल

हॅलिफॅक्स, नोव्हेंबर.
ओट्याच्या कडेवर पट्टी, अर्धी हवेत,
टोकाला पीनट बटर, खाली बादली.
पट्टी निखिलेशच्या कंपासपेटीतली,
तो लीड्सला गेला तेव्हा मागे राहिलेली.

पहिल्या रात्री बटर गेलं,
पट्टी जागच्या जागी.
दुसऱ्या रात्री टॉयलेट रोलची नळी लावली:
नळी बादलीत, उंदीर नाही.
तिसऱ्या रात्री मीच स्टुलावर, अंधारात,
गाउनवर स्वेटर, श्वास धरून.
बॉयलर तेवढा खोकत होता.

शेजारची मॉरीन म्हणाली, दोन मैल तरी ने,
नाहीतर चहाच्या वेळेला हजर.

पाचव्या पहाटे टप्प.
बादलीत अंगठ्याएवढा जीव,
मिशा थरथरतायत आणि तोंड अजून चालूच.
एवढ्यासाठी आठवडाभर डोंगर पोखरत होते मी.

बादलीवर ताटली, बादलीला सीटबेल्ट.
कालव्यापाशी आडवी केली.
निघेना.
"जा रे आता," म्हटलं,
आणि माझंच मला ऐकू आलं,
स्टेशनवरचं, सप्टेंबरातलं.

गेला तेव्हा गवतही हललं नाही.

घरी येऊन गाडीचा मीटर पाहिला:
जेमतेम दीड.
ओटा पुसला, पट्टी धुतली,
ठेवली परत तिथेच,
अर्धी हवेत.