गर्दीतला माणूस

पहाटे साडेतीनला आम्ही गोठ्यात असतो.
एकशे ऐंशी गायी, सातशे वीस सड.
पो नदीकडून येणारं धुकं इतकं दाट
की गाय आधी ऐकू येते, मग दिसते.

त्या मार्चमध्ये सुत्झाराच्या स्टेशनवर
हिंदी सिनेमावाले आले.
परदेशातल्या आपल्या माणसांची प्रेमकहाणी, म्हणाले.
गर्दीसाठी आपली माणसं हवी होती.
सत्तर युरो आणि जेवण.
मालक म्हणाला, जा,
पण संध्याकाळच्या धारेला परत या.

हिरॉईन बाकावर बसलेली.
तो येणार नाही हे तिला
अकराव्या टेकपर्यंत नीट कळत नव्हतं.
आम्ही गाडीतून नुकतेच उतरलेले.
गुरनेकच्या हातात त्यांनी एक बॅग दिली, रिकामी.
सरदारजी, जड आहे असं वाटू द्या!
गुरनेक नुसता हसला.
त्याची स्वतःची बॅग इथवर पोचलीच नव्हती.
कुठल्याशा सीमेवर, बर्फात,
पळता यावं म्हणून टाकून दिली होती,
किरणपालनं विणलेल्या स्वेटरसकट.

मग म्हणाले, जरा घाबरल्यासारखं बघा,
देश नवीन आहे तुम्हाला.
सहा वर्षं झाली होती.
आम्ही स्टेशनच्या घड्याळाकडे बघितलं.
पाच वाजत आलेले, कासा ताठल्या असणार.
ती भीती म्हणे पडद्यावर फार छान उतरली.

फगवाड्यात सिनेमा लागला तेव्हा
किरणपाल जावेला घेऊन मॅटिनीला गेली.
तीन सेकंद. डाव्या कडेला. धूसर.
अख्खं थिएटर हिरॉईनच्या डोळ्यातलं पाणी बघत होतं,
ही तिच्या खांद्यामागे.
दुसऱ्या दिवशी परत गेली.
तिसऱ्या तिकिटाला तिनं
त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून दिलं.

रात्री फोन आला.
एका खोलीत आम्ही चौघं, डोळे मिटून जागे.
डावा पाय का ओढतोस?

गाय बुजली होती, दोन हिवाळ्यांपूर्वी.
गुडघ्यात पट्टी घातली. गाडीत मीच उचलून ठेवला होता त्याला.
घरी कळू द्यायचं नाही, एवढंच बोलला वाटेत.
आणि व्हिडिओ कॉलवर माणूस
गळ्याच्या वरच असतो.

अगं, डायरेक्टरनं सांगितलं होतं तसं चालायला.

मग बाकीचे सरळ कसे चालत होते?

त्यांना कुठे येतो अभिनय.

ती हसली असावी.
आमच्या खोलीत रेंज कमी येते,
हसणं आणि ते दुसरं,
दोन्ही सारखंच ऐकू येतं.

शेवटी तो हिरो परत येतो म्हणे.
लग्न होतं, पावसासारखी फुलं पडतात.
गुरनेकचे कागद बोलोन्याच्या एका टेबलावर आहेत,
निदान वकील तरी तसं सांगतो.

जावेनं मागच्या रांगेतून
चोरून मोबाईलवर घेतलेला तो तुकडा
दुसऱ्या दिवशी आला.
हलतोय, आवाज फाटलेला.
खाली कोपऱ्यात कुणाचंतरी डोकं मध्ये येतं,
काळं, ओढणी घसरलेली.
मी म्हटलं, हे डोकं कापून टाकता येतं, थांब, दाखवतो.

त्यानं मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला.
त्या एवढ्याशा काळ्या डागावर
दुधाचा वास असलेला अंगठा ठेवला,
आणि सहा वर्षांत पहिल्यांदा
एका चौकटीत असलेले ते दोघं
तसेच थांबवून ठेवले.

तीन वाजून वीस.
बूट घालायचे होते.