बलक

मगदूम सरांनी मला विचारलं ते आठवीच्या वर्गाबाहेर,
हळू आवाजात, उसने पैसे मागावेत तसं:
“मुजावर, तुमच्याकडं कोंबड्या आहेत ना?
आणि कोंबडा?”
कोंबडा ईदला गेला होता.
“मग चालतील,” म्हणाले, “त्यांत जीव नसतो.
रंगासाठी हवीत.”

दर शनिवारी भुशाच्या डब्यात दोन अंडी घेऊन
मी हरिपूरच्या रस्त्यानं चालत जायची.
चिंचांखालून, डबा पोटाशी धरून.
सरांच्या गल्लीत कांदासुद्धा लपवून आणत,
म्हणून वर भूमितीची वही.

सरांकडं एक पुस्तक होतं, पुठ्ठा गेलेलं, रद्दीतलं.
व्हिएन्ना.
बॉम्बनं मोडलेलं शहर, आणि त्यात काही उपाशी पोरं
संग्रहालयात उभी राहून
पाचशे वर्षांमागच्या हातांची वळणं गिरवणारी.
मग त्याच हातांनी काढलेलं, कुणीच न पाहिलेलं:
कानातून उतरत जाणारा जिना,
पिसं फुटलेला राजवाडा,
आणि पिसाचा तंतू न् तंतू मोजून घ्यावा इतका नीट.
“ढिसाळ हातानं काढलेलं स्वप्न थाप वाटतं,” सर म्हणायचे.
“अशक्य काही सांगायचं, तर हिशेब चोख पाहिजे.”
त्यांचे वडील हळदपेढीवर मुनीम होते.

अंडं फोडताना सर तोंड फिरवायचे.
पुढचं मात्र डोळे रोखून.
बलक या तळव्यावरून त्या तळव्यावर,
पांढरं निथळेपर्यंत,
मग चिमटीत उचलून खालून टाचणी.
पिवळं वाटीत, पातळ कातडं बोटांत.
त्यात जवसाचं तेल, राळ, थेंब थेंब पाणी.

प्लायवूडवर सरस आणि खडू,
शाळेतले उरलेले तुकडे, वर्षभर खिशातून आणलेले.
त्यावर तांबूस हात. त्यावर पांढरे केस,
एका केसाच्या ब्रशनं.
त्यावर पिवळ्याची साय, पुन्हा पांढरं, मग लाल, पुन्हा पांढरं,
मग निळं, आणि वाळायची वाट.
एक हमाल, पाठीवर पोतं, बोटभर उंचीचा:
अकरा महिने.

बलक नासू नये म्हणून लवंग लागते.
एके शनिवारी खिडकीच्या कट्ट्यावर पुडी होती,
सात लवंगा. कुणी ठेवल्या ते सरांनी विचारलं नाही.
आतून काकू भांडी घासत होत्या,
नेहमीपेक्षा जरा जोरात.
टरफलं जास्वंदीच्या मुळाशी कोण पुरतं,
हेही त्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

चित्रात हळदीचं पेव.
तोंडातून दोरानं सोडलेला कंदील,
आत हवा आहे का बघायला, सोडतात तसा.
खाली हळद नाही.
खाली उलटं टांगलेलं सांगली, नदीचे घाट डोक्यावर,
पायऱ्यांवर मासे बसलेले, चोपड्या उघडून,
आणि प्रत्येक हमालाच्या पाठीवरच्या पोत्यात
त्याचंच झोपलेलं मूल.
गोणपाटाची वीण मोजता येते. मी मोजलीय.
कंदिलाची ज्योत त्यांनी रंगवलीच नाही.
तिथं खडू उघडा आहे.

“हे स्वप्न कधी पडलं, सर?”
“मला स्वप्नं पडत नाहीत, बाळ. मी पडल्यापडल्या झोपतो.”

सर गेल्यावर चित्र काकूंनी मला दिलं.
पुढं पूर आला, आमच्या घरात चार दिवस कमरेएवढा.
चिखल उतरला तेव्हा चित्र भिंतीला टेकून उभं होतं.
ओल्या कापसानं पुसत गेले, एकेक पायरी.
रंग हलला नव्हता.
फक्त ज्योतीच्या जागी गाळ बसलेला, फिकट पिवळा.
तो मी काढला नाही.

परवा तातोबा कोष्टी आला,
तीस वर्षं पेवात उतरलेला म्हातारा.
चष्मा नाकावर ओढून किती तरी वेळ बघत राहिला,
माशांकडं, उलट्या घाटांकडं, पोत्यातल्या पोरांकडं.
मला वाटलं, आता हसेल.
“बराबर हाय,” म्हणाला.
“दोराची गाठ तेवढी चुकलीय.
अशानं कंदील सुटंल.”