अगत्य येणेचे करावे

बारा पितळी नळ्या होत्या आमच्याकडे.
लुमाण्णा गावकराच्या घरात भांडी मोजत नव्हतं कुणी,
नळ्या मोजत.

भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची
जांबोटीच्या जंगलातून, सगळं बिऱ्हाड घेऊन,
आणि बाबा पहिल्या बसनं बेळगावला.
दुकानदार कपाटाकडे न बघताच म्हणायचा,
"माल न्हाई गावकर. फुडल्या म्हैन्यात बघूया की."
त्याच्या डोक्यामागं तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
पुढला महिना त्यातही नव्हता.

लायसनवर वर्षाला पंचवीस काडतुसं लिहिलीत म्हणे.
म्हणे, कारण ते कानडीत.
कानडीतला दोन आपल्या दोनाचा चुलतभाऊ दिसतो,
तेवढ्या ओळखीवर बाबा आयुष्यभर सही करत आले.

मग रात्री, घरीच.
माजघरात चूल नाही, चिमणी नाही, बिडी नाही,
म्हणून यल्लाप्पाही नाही,
बिडीशिवाय त्याला बोलताच येत नसे.
कंदील खिडकीच्या काचेपलीकडे, पडवीत टांगलेला.
आई सोनाराच्या तराजूत दारू तोलायची.
त्या तराजूत आमच्याकडं दुसरं काही बसलं नाही कधी.

माझं काम चकत्या पाडायचं.
मामाच्या लग्नाच्या पत्रिका निपाणीत छापल्या,
तारीख चुकली, दोनशे पत्रिका आमच्या माळ्यावर.
हातोडीचा एक ठोका, एक चकती.
चि. सौ. कां.
गोरज मु
आपले नम्र
गणपतीची नुसती सोंड.
बाबा प्रत्येक चकती उजेडाकडं धरून वाचत,
मग लाकडी दांडक्यानं आत दाबत.
"डुकराला आवतण जातंय गे. काठ नीट पाड."

निवडणूक लागली की बंदूक खानापूरच्या ठाण्यात जमा.
बदल्यात पावती.
विधानसभा, लोकसभा, मग पंचायत.
आचारसंहिता आम्हाला होती, डुकरांना नव्हती.
बाबा मचाणावर पावती घेऊन बसत,
खिशावर हात ठेवून.

त्या वर्षी टोप्याच मिळेनात.
दारू होती थोडी, छरे होते,
पितळ होतं घासून लख्ख,
टोप्या तीन.
काडेपेटीत कापूस घालून, देवाच्या फळीवर.
पहिली टोपी ओली निघाली.
दुसरी बाबांनी बाळू सुताराला दिली,
त्याच्या शेतात गवा शिरला होता,
आणि गव्याला मारायचं नसतं, फक्त दचकवायचं,
म्हणून नळीत छरे घातलेच नाहीत.
आवाज पार कणकुंबीपर्यंत गेला म्हणतात.
गवा गेला नाही. मान वळवून बघितलं त्यानं,
पाहुण्यानं यजमानाकडं बघावं तसं.

तिसरी टोपी.
मी मचाणाखाली पोत्यावर जागी होते.
माग काढत एक मादी आली, मागं सहा पट्टेरी पिल्लं,
एकामागं एक, शाळेला निघाल्यासारखी.
बाबांनी बंदूक खांद्याला लावली.
बराच वेळ लावून ठेवली.
भात मोडल्याचा आवाज ऐकू येत होता, कट, कट.
मग त्यांनी आभाळात बार काढला.

आई आठ दिवस बोलली नाही त्यांच्याशी.
दीड पोतं गेलं त्या रात्री.

सकाळी चिखलात मला चकती सापडली,
काठ जळका, मधली अक्षरं शाबूत:
अगत्य ये

आता तारेचं कुंपण आहे, सोलरचं, टिकटिक करणारं.
बंदूक मागल्या का त्याच्या मागल्या निवडणुकीपासून
ठाण्यातच आहे.
पावती आईनं कुठं ठेवली ते आईलाच ठाऊक होतं.

बाराांतल्या अकरा नळ्या भंगारात गेल्या.
बारावी बाबांच्या उशाशी.
पोटरीचे दिवस आले की ते पडवीत बसतात,
नळी ओठाला आडवी धरून फुंकतात.
बारीक, लांब शीळ निघते.
कुत्रं कान टवकारतं.
रानातून उत्तर येत नाही,
तरी ते थोडं थांबतात, ऐकल्यासारखं करतात,
आणि मला विचारतात,
"बेळगावास्नं माल आला काय गे?"