अडीच घरं मागे

चौथ्याच खेळीला बाद्रीनं घोडा फेकला.
एका प्याद्यासाठी अख्खा घोडा,
आणि खुर्चीत मागे रेलून
कानावरची सिगारेट चाचपत राहिला.

चिआतुराच्या खाणकामगारांच्या क्लबात
तेवढ्यावर दहाबारा माणसं गोळा झाली.
शोता स्वतःचा रंगलेला डाव सोडून आला.
बलिदान म्हटलं की आमच्याकडे लोक चष्मे पुसतात.

मी घोडा खाल्ला.
न खाऊन सांगते कुणाला?
फुकट मिळतंय ते घ्यावं,
फक्त ते फुकट आहे असं समजू नये.

मग त्याची प्यादी सुटली,
गल्लीतून कुत्री सुटावीत तशी.
एकानं माझा एक घोडा बाजूला हुसकला,
दुसऱ्यानं दुसरा थेट घरी धाडला,
निघाला होता त्याच चौकटीत.
मागे कुणीतरी फिसकन हसलं,
“लामारामावशी, पट पुन्हा मांडायचा का?”

एकतीस वर्षं मी रोपवेचं चाक सांभाळलं,
नदीपासून वरच्या वस्तीपर्यंत.
एका फेब्रुवारीत वीज गेली, डबा अधांतरी.
आत नऊ माणसं, कोंबड्यांची एक टोपली,
वाऱ्यानं पत्रा वाजतोय,
आणि वरून सगळे ओरडतायत,
पुढे घे, पुढे घे, दहाच हात राहिलेत!
मी मागे घेतला.
हातानं चाक फिरवत, वीत वीत,
पार खालच्या फलाटापर्यंत.
उतरल्यावर एकानं तिकिटाचे पैसे परत मागितले.
दिले.

आता त्याचा उंट तिरका येऊन बसला,
डोळा माझ्या त्या एका प्याद्यावर
ज्याला राजाखेरीज कुणी वाली नाही.
इथेच माणसं मरतात.
खाल्लेला घोडा पोटाशी धरून बसतात
आणि घर जळताना दागिने मोजतात.

मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं. घे.
घेतलं त्यानं, उंटानंच.
शेजारचं प्यादं एक घर. ऊठ आता.
उंट उठला.

पुढे सांगण्यासारखं काही नाही.
एकेक मोहरा बाहेर, राजा कोटात,
वजीर वजिराला, हत्ती हत्तीला.
लोक पांगले. शोता आपल्या डावाकडे गेला.
एक्केचाळिसाव्या खेळीला बघायला उरली
ती फरशी पुसणारी नात्सिको,
तिलाही फक्त आमचे पाय उचलून हवे होते.

बाद्रीनं राजा आडवा केला.
सिगारेट अजून कानावरच.
“मावशी, कुठे चुकलो?”

चौथ्या खेळीला, असं ओठांवर आलं होतं.
पण पोरगा तेवीस वर्षांचा,
आणि घोडा फेकताना त्याचा हात
जराही थरथरला नव्हता.

“उंटानं प्यादं खाल्लंस ना,” मी म्हटलं,
“तिथे.”