खलघाटचा रुपया

तीन इमलीवरून बस सुटते साडेनऊला,
म्हणजे दहा वीसला.
तोवर मी तीनदा पासपोर्ट चाचपला,
आणि चारदा जीरावणाचा डबा.
हेरंबनं तेवढंच मागितलं होतं:
"बाकी सगळं मिळतं रे इथं.
आणि जमलं तर लवंगेची शेव,
चुरा झाली तरी चालेल."

वरचा बर्थ. पडदा ओढला की आपण पार्सल.
राऊ गेलं, महू गेलं, मानपूरनंतर घाटात
प्रत्येक वळणाला पाय काचेवर आपटत होते.
खलघाटला आपोआप जाग आली,
लहानपणी आई हलवून उठवायची तशी:
ऊठ, नर्मदा आली, टाक.
खिशातून रुपया काढला.
काच उघडेना.
एसी बस, काच उघडायला केलेलीच नव्हती.
खाली पाणी होतं की नुसता अंधार, कळलं नाही.
पूल संपला
आणि रुपया मुठीत राहिला.

विमानाबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

मस्कतहून सलाला पुन्हा बस, बारा तास.
तिथंही विमान होतं, पण माणसाकडे जायचं
तर अंतर थोडं अंगाला लागावं, असं आपलं माझं मत.
(पैसेही वाचले.)
रस्ता इतका सरळ
की ड्रायव्हर स्टिअरिंगला नुसती सोबत करत होता.
हैमाला चहा. शेजारी केरळचा एक सुतार,
म्हणाला, कोण आहे तिथं, भाऊ?
हो म्हणालो.
एवढ्या लांब मित्रासाठी चाललोय म्हटलं
तर आणखी दहा प्रश्न आले असते.
एकही पूल लागला नाही.

हेरंब स्टँडवर आला तो स्वेटर घालून,
एप्रिलच्या उन्हात. काढायचा विसरला होता.
मासळीच्या गोदामात यंत्रं सांभाळतो,
आत उणे अठरा, बाहेर चाळीस,
दिवसातून पंधरा-वीस वेळा आत-बाहेर.
मिठी मारली तर पाठ गार लागली.

चार दिवसांतले तीन त्याला ड्यूटी.
मी खोलीत बसून त्याची दोन पातेली घासली,
खिडकीतून नारळाची झाडं पाहिली.
आम्ही दोघंही पक्के इंदूरचे,
कोकण आमच्याकडे कॅलेंडरवर असायचं.

शेवटच्या रात्री पोहे केले.
जीरावण त्यानं इतकं भुरभुरलं
की पोहे दिसेनात.
घरचं काही विचारलं नाही त्यानं.
वहिनी, मुलगी, रामबागेतल्या घराचा वाद, काहीच नाही.
म्हणाला, "बस कशी आली ते सांग."
मी सुरू केलं, तीन इमलीपासून.
तो मधेच अडवायचा:
मानपूरला तो पंक्चरवाला आहे का अजून?
बिजासनला ड्रायव्हर नारळ फोडतात?
सेंधव्याला कुठल्या ढाब्यावर थांबली?
मी झोपलो होतो तिथलंही सांगितलं.
"आणि खलघाटला टाकलास?"

मी रुपया पुढे केला.
त्यानं तो उलटासुलटा केला, दिव्याखाली धरला,
कुठल्या सालचा ते वाचलं मोठ्यानं.
सकाळी निघताना परत माझ्या खिशात घातला.
"दोघांचा मिळून टाक."

परतीला पहाटे चार वाजता
मी केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो.
"भिया, जरा दार उघडता? नर्मदेत टाकायचंय."
ड्रायव्हर म्हणाला, पुलावर दार उघडत नसतो.
मग त्यानंच हात पुढे केला.
समोर हनुमानाच्या पायाशी वाटीत
आधीच सात-आठ नाणी होती,
एसी झाल्यापासून लोक देतात म्हणाला.
रस्त्यावरची नजर न काढता
त्यानं सगळी एकदम खिडकीबाहेर फेकली,
कोणाचं कुठलं, काही कळायला मार्ग नाही.

सहाला इंदूर. टपरीवर पोहे घेतले,
हेरंबला लिहिलं: टाकला.
तिकडे साडेचार वाजले असतील.
त्याचं उत्तर आलं दुपारी, मी ऑफिसात असताना:
"आवाज आला का?"

आला, म्हणून लिहिलं.